आठवी पायरी

क्षमेला माप नसतं, हे एक थोर सत्य आहे. मात्र ते ज्यांनी बायबलमध्ये लिहून ठेवलं त्यांच्यापैकी एकही जण वजनमापे खात्यात नोकरीला नव्हता. एक जण म्हणे जकातनाक्यावर बसायचा. पण जकात हे वेगळं खातं. तिथे अंदाजाने भागतं.

मापसाहेब वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षं निरीक्षक होते. बाजारातले तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, कापडवाल्याच्या मीटरपट्टीची टोकं झिजलीत का ते बघायचं, हे त्यांचं काम. ‘मापसाहेब’ हे नाव दुकानदारांनी भीतीने ठेवलं, शेजाऱ्यांनी गमतीने उचललं, आणि बायको ते फक्त रागात वापरायची. त्यामुळे घरातही ते बऱ्यापैकी रुळलं होतं.

अशा माणसाने एका रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेबांचा उपदेश मनावर घेतला. एरवी मापसाहेब उपदेशाची लांबी बघत. मनगटावरचं घड्याळ गुडघ्यावर काढून ठेवत आणि तीस मिनिटं उलटली की ते दोनदा हलवून कानाला लावत. पाळकसाहेबांना ती खूण ठाऊक होती. पण त्या रविवारी उपदेश एकोणीस मिनिटांतच संपला, आणि कमी भरलेल्या मालाची सवय नसल्यामुळे मापसाहेबांनी तो सगळाच्या सगळा ऐकला.

पाळकसाहेबांचं म्हणणं साधं होतं. देवापुढे यायच्या आधी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे जाऊन या. देव थांबतो, त्याला घाई नाही. माणसं थांबत नाहीत.

मापसाहेबांचं ज्याच्याशी बिनसलं होतं तो माणूस त्या वेळी त्यांच्यापासून बावीस फुटांवर, त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. तो त्यांचा सख्खा थोरला भाऊ. थोरले देवळातला ऑर्गन वाजवायचे. ऑर्गन भिंतीला लागून, त्यामुळे वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. गेली नऊ वर्षं दर रविवारी दीड तास मापसाहेब ती पाठ बघत आले होते. भावाचे केस मानेवर आधी कुठे पिकले, कॉलर कधी उलटवून शिवली, हे ते सांगू शकले असते. तोंड मात्र नऊ वर्षांत नीट पाहिलेलं नव्हतं.

बिनसलं होतं ते शिडीवरून.

वडील गेले तेव्हा दोघा भावांनी सामान असं शहाण्यासारखं वाटून घेतलं, की नातेवाइकांची निराशाच झाली. कपाट थोरल्यांना, पलंग धाकट्याला, वडिलांचं गीतांचं पुस्तक थोरल्यांना, शिडी धाकट्याला. शिडी लाकडी, वडिलांनी स्वतः केलेली. नंतर एकदा घराला रंग द्यायचा म्हणून थोरले ती दोन दिवस घेऊन गेले आणि वेळेवर परत घेऊन आले. मापसाहेबांनी फाटकातच ती उभी करून घेतली आणि, खात्याची सवय, पायऱ्या मोजल्या. सात भरल्या.

“आठ होत्या,” मापसाहेब म्हणाले.

सुट्टीचा दिवस होता. खालचे दातांचे डॉक्टर, मधल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई, त्यांची बहीण, सगळी फाटकात उभी होती. थोरल्यांनी शिडीकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे, मग धाकट्या भावाकडे. आणि अगदी शांतपणे म्हणाले, “असतील. हरवली असेल एखादी.”

आता, शिडीची पायरी हरवते कशी? किल्ली हरवते. छत्री हरवते. दोन बाजूंच्या दांड्यांत ठोकून बसवलेली पायरी हरवायला तिने आधी निघायला हवं आणि मग कुठेतरी जायला हवं. हा निव्वळ टवाळीचा प्रकार आहे आणि तो चारचौघांत झाला आहे, असं मापसाहेबांनी ठरवलं. त्यांनी शिडी गोणपाटात गुंडाळली, सुतळीने बांधली, गाठीवर कचेरीतलं शिशाचं सील ठोकलं आणि माळ्यावर टाकून दिली. पुरावा म्हणून. सील ठोकलेला माल पुन्हा तपासायचा नसतो, हा खात्याचा नियम. तसंही शिडीवाचून त्यांचं अडत नव्हतं. घरात दिवा बदलायचा असला की स्टुलावर बायको चढायची आणि मापसाहेब खाली उभे राहून स्टूल धरायचे. हे काम जास्त जबाबदारीचं आहे, असं ते म्हणत.

तर, उपदेश संपला. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, पुढच्या मेजापाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. बाक रिकामे व्हायला लागले, माणसं एकामागून एक पुढे जाऊ लागली. मापसाहेब उठले नाहीत.

ते तिसऱ्या बाकावर, मधल्या वाटेच्या टोकाला बसायचे. त्यामुळे त्या बाकावरच्या बाकी नऊ जणांना त्यांच्या गुडघ्यांवरून ओलांडून जावं लागलं. बायको पहिली होती. ती कुजबुजली, “उठा ना. पाय आखडला का?”

“भावाशी समेट होईपर्यंत मी त्या मेजापाशी जाणार नाही,” मापसाहेब म्हणाले. स्वतःच्या आवाजाचा त्यांना जरा अभिमान वाटला.

“मग आज संध्याकाळी जा भावजींकडे. दोन गल्ल्या तर आहेत.”

“इतकं सोपं नसतं ते.”

मागून फुलं सजवणाऱ्या बाई म्हणाल्या, “जरा सरकता का, मागे रांग थांबलीय.” समेटाची पहिली पायरी अशी अडगळीतच पडली.

मापसाहेबांचा हिशेब असा होता, की आपल्याला बसून राहिलेलं थोरले बघतील, त्यांना कारण कळेल, त्यांच्या काळजाला काहीतरी होईल आणि अर्धं काम परस्पर उरकेल. यात एकच अडचण होती. मंडळीतल्या एकशेचाळीस माणसांनी त्यांना बसलेलं पाहिलं. एका माणसाची मात्र त्यांच्याकडे पाठ होती.

बाकीच्यांनी मात्र मनापासून लक्ष घातलं. दर महिन्याला ठरल्यासारखा उठणारा माणूस प्रभुभोजनाला बसून राहतो, याचा अर्थ त्याच्या मनावर काहीतरी मोठं पाप आहे, आणि ते नेमकं कुठलं एवढंच ठरवायचं राहिलं. कोणी म्हणालं, कचेरीत चौकशी लागलीय. कोणी म्हणालं, पितात; चेहरा बघा. फुलवाल्या बाईंनी नुसतंच “बिचारी बायको” म्हटलं आणि एवढ्यावर तिसरी शाखा सुरू झाली. पुढच्या आठवड्यात एका वयस्कर गृहस्थांनी मापसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं, “आम्हीही तरुणपणी घसरलो होतो. धीर सोडू नका.”

“माझं शिडीचं प्रकरण आहे,” मापसाहेब म्हणाले.

“असतं,” ते गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले. “प्रत्येकाचं काही ना काही असतं.”

घरी येऊन बायकोने पर्स टेबलावर आपटली. “मला बायका विचारतात. मी काय सांगू त्यांना? शिडी? शिडी म्हटलं तर त्या म्हणतात, ही लपवतेय.”

“तू काहीच सांगू नकोस. माझं काम चालू आहे.”

काम खरंच चालू होतं. मापसाहेबांनी फाईल उघडली होती. माफी मागायला त्यांची हरकत नव्हती. पण जितका दोष तितकीच माफी. जास्त मागितली तर ते खोटं वजन झालं, आणि खोटं वजन देवालाही खपत नाही. तेव्हा आधी वाटणी व्हायला हवी. पायरी घालवली: थोरले. चारचौघांत मोजली: आपण. टवाळी: थोरले. नऊ वर्षं अबोला: दोघं, निम्मानिम्मा. पण वय पाहता थोरल्यांनी आधी यायला हवं होतं, म्हणून थोडं तिकडे. तीन आठवडे खपून त्यांनी आकडा काढला: साठ टक्के थोरले, चाळीस टक्के आपण. मग पत्राचा मसुदा केला. ‘माझ्या वाट्याच्या चाळीस टक्क्यांबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. उर्वरित भागाबद्दल तुझं म्हणणं कळवावंस.’

बायकोने मसुदा वाचला, चष्मा काढला आणि तो पुसत राहिली.

“कसं वाटतं?”

“पाणीपट्टी थकलीय असं वाटतं.”

मग तीच म्हणाली, “एक सांगायचं होतं. भावजींबद्दल.”

मापसाहेबांनी हात वर केला. नऊ वर्षांपासून घरात नियम होता: त्या विषयावर बोलायचं नाही. पहिल्या वर्षी हा नियम रागातून आला, पुढे तो शिस्तीसारखा झाला. “फाईल पुरी होईपर्यंत बाहेरची माहिती नको. निर्णयावर परिणाम होतो.”

दुसऱ्या महिन्यात ते पुन्हा बसून राहिले. तिसऱ्यातही. या वेळी बाकावरच्यांनी आपणहून मागच्या बाजूने जायला सुरुवात केली होती, त्यामुळे गुडघे ओलांडण्याचाही काही परिणाम उरला नाही. तिसऱ्या महिन्यानंतर पंचकमिटीचे चिटणीस जाडजूड वही घेऊन घरी आले. हे गृहस्थ स्वभावाने गरीब होते, पण वही हातात आली की वहीचे होत.

“नियम एकोणीस,” ते ओशाळून म्हणाले. “लागोपाठ तीन वेळा प्रभुभोजनाला गैरहजर, तर नाव अनियमित यादीत जातं. मग शास्त्रपाठ वाचायला उभं राहता येत नाही. मतही नाही.”

“मी गैरहजर नव्हतो. बसलो होतो.”

“वहीत बसलेल्यांसाठी रकाना नाही हो. कारण लिहा. आजारपण, परगाव, शिस्तभंग. तीनच आहेत.”

मापसाहेबांनी पेन घेतलं, तिन्ही कारणांवर रेघ मारली आणि लिहिलं: ‘वाटणी अमान्य होण्याची शक्यता.’ चिटणिसांनी ते दोनदा वाचलं आणि ‘शिस्तभंग’ या रकान्यात चिकटवलं. सव्वीस वर्षं शास्त्रपाठ वाचणारा माणूस अशा रीतीने पुण्य करायला जाऊन अनियमित ठरला. खाली उतरताना चिटणीस म्हणाले, “थोरल्यांच्या जागी ऑर्गनला माणूस बघायचाय, ती आणखी एक कटकट आहे डोक्याला.” मापसाहेबांनी इथेही हात वर केला. त्या विषयावर नको.

पाळकसाहेब स्वतः आले ते सोमवारी. चहा घेतला, फाईल चाळली, चाळीस टक्क्यांपाशी थोडा वेळ थांबले.

“छान काम आहे,” ते म्हणाले. “पण तुम्ही जाऊन या आता. हे राहू दे इथेच, आणि जा.”

“हात हलवत कसा जाऊ?”

“हात हलवतच जायचं असतं, मापसाहेब.” दारात चपला घालताना ते पुन्हा म्हणाले, “लवकर जा.”

हे धर्मोपदेशकांचं नेहमीचं बोलणं आहे, असं मापसाहेबांना वाटलं. पाळक लोक सगळंच लवकर करा म्हणतात.

बुधवारी संध्याकाळी बायकोने नियम मोडला. भाजी चिरता चिरता, मान वर न करता ती म्हणाली, “हात वर केलात तर सुरी आहे माझ्या हातात. भावजी घर सोडून मुलीकडे चाललेत. कायमचे. हृदयाचं काही निघालंय, डॉक्टर एकटं राहू नका म्हणाले. मुलगी दीड दिवसाच्या प्रवासावर राहते. उद्याची गाडी आहे.”

मापसाहेबांनी वर जायला निघालेला हात खाली घेतला. मग म्हणाले, “हे तू मला आधी सांगायला हवं होतंस.”

बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. या पाहण्याला काय उत्तर द्यायचं, हे एकोणतीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलेलं नव्हतं.

“कितीची गाडी?”

“चारची म्हणाले होते. पहाटेची की दुपारची ते मी नीट ऐकलं नाही. आत्ता जा ना. साधं जा.”

पण साधं जाणं मापसाहेबांना जमण्यातलं नव्हतं. फाटकात, माणसांसमोर जे घडलं ते निस्तरायचं तर शिडी बरोबर हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते एकदम उदार झाले होते. चाळीस टक्के त्यांनी पन्नासवर नेले होते आणि वर शिडी भावाला द्यायची ठरवली होती. सीलसकट. समोरासमोर सील तोडायचं आणि म्हणायचं, घे, सातच्या सात तुझ्या. हे वाक्य त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं. बरं वाटलं. पहाटे थोरल्यांच्या घरी दिवा नव्हता आणि सामानही हललेलं नव्हतं, असं दूधवाल्याने सांगितलं. म्हणजे गाडी दुपारचीच. गुरुवारी सकाळी कचेरीत रजा कळवून मापसाहेब कामाला लागले.

माळ्यावरून शिडी बायकोनेच खाली सरकवली. दारातून ती गेली. जिन्याच्या वळणावर अडकली. नऊ वर्षांपूर्वी ती वर आली तेव्हा तिथे मोकळी जागा होती. मध्यंतरी चोऱ्यांच्या भीतीने इमारतीने वळणावर लोखंडी जाळीचं दार बसवलं होतं. शिडीचं एक टोक जाळीत, दुसरं कठड्यात. मापसाहेब वरच्या बाजूला, खाली उतरायला जागा नाही.

खालून दातांचे डॉक्टर आले. त्यांनी वाकून, एक डोळा मिटून आत पाहिलं. “तिरकी करा. नाही, माझ्याकडे तिरकी. आता थोडं सहन करा.”

मास्तरीणबाई मधल्या मजल्यावरून म्हणाल्या, “आधी मागे न्या. प्रत्येक गोष्टीत आधी मागे यावं लागतं.”

“मागे भिंत आहे.”

“मग आधी विचार करायला हवा होता.”

डॉक्टरांनी उपाय सुचवला. “एक पायरी कापून टाका. सहाने काय अडतं? लगेच निघेल.”

मापसाहेबांचा चेहरा असा झाला, की डॉक्टर सवयीने म्हणाले, “दुखणार नाही.”

तेवढ्यात इमारतीचे अध्यक्ष आले. त्यांनी चष्म्यावरून शिडी, जाळी आणि मापसाहेब हे तिन्ही पाहिलं. पाच फुटांहून लांब सामान जिन्यातून न्यायचं तर आदल्या दिवशी लेखी अर्ज द्यावा लागतो, असा ठराव होता. तो मांडला होता मापसाहेबांनीच, कोणाच्या तरी कपाटाने भिंतीचा रंग खरवडला तेव्हा. पाच फुटांचा आकडाही त्यांचाच.

“माझा भाऊ चाललाय हो,” मापसाहेब जाळीतून म्हणाले.

“त्याला अर्ज लागत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “शिडीला लागतो.”

अर्ज जाळीतून दिला गेला, जाळीतून मंजूर झाला. मग जाळीचं दार बिजागरीतून काढावं लागलं, त्यासाठी लोहाराला बोलावलं, लोहार जेवायला गेला होता. तो आला तेव्हा दोन वाजून गेले होते. दार निघालं, शिडी निघाली, मापसाहेब निघाले. आठ फुटांची गोणपाटातली शिडी खांद्यावर, गाठीवर सील लोंबतंय, शर्टाला जाळीचा गंज. भाजीवाले, ज्यांचे तराजू ते दर वर्षी तपासायचे, ते तोंड फिरवून हसत होते. वळताना शिडीचं मागचं टोक चष्म्याच्या दुकानाच्या पाटीला लागलं. पुढचं टोक बघायला वळले तर मागचं टोक टपालपेटीला लागलं. दोन्हीकडे त्यांनी माफी मागितली. पूर्ण माफी, टक्केवारी न काढता. ती किती चटकन निघते याचं त्यांना चालता चालता नवल वाटलं.

थोरल्यांच्या दाराला कुलूप होतं. साडेतीन वाजले होते. स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला.

शेजारीण किल्ली हातात घेऊन अंगणात उभी होती. “आत्ताच गेले. पंधरा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. रिक्षावाला केव्हाचा खोळंबला होता हो. मी म्हणत होते निघा, गाडी चुकेल. म्हणाले, कोणीतरी येईल. दोनदा चहा टाकला त्यांनी. दोन कप.”

“कोण येईल म्हणाला?”

“नाव नाही घेतलं.” तिने शिडीकडे पाहिलं. “तुम्ही त्यांचे धाकटे ना? मग हे तुमच्यासाठीच असणार.” तिने पुठ्ठ्याची एक लहान डबी दिली. तिच्यात दिवा होता, साधा काचेचा. “ऑर्गनवरचा दिवा गेलाय म्हणे. म्हणाले, धाकट्याला सांगा, त्याच्याकडे शिडी आहे.”

मापसाहेब शिडी घेऊन घरी परतले. वाटेत हा निरोप म्हणजे शेवटचा टोमणा आहे का, याचा त्यांनी विचार केला आणि असावा असं ठरवलं. मग तो टोमणा वाटेना. मग पुन्हा वाटला. चाळीस, पन्नास, साठ, कुठलाच आकडा जागेवर बसेना.

फोन त्यांनी शनिवारी सकाळी लावला. पुतणीने उचलला, “काका?” म्हणाली. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बोल,” थोरले म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता. पाठीवरून ते कळलं नव्हतं.

“पोचलास?”

“पोचलो. दिवा मिळाला?”

“मिळाला. दादा, मी आलो होतो. गुरुवारी. शिडी अडकली.”

“कळलं. तुझा गुडघा कसा आहे?”

“माझा गुडघा?”

“तीन महिने बघतोय, प्रभुभोजनाला उठत नाहीस. मला आरशातून दिसतं. पाळकांची खूण बघायला आरसा लावलाय तो. म्हटलं गुडघा धरला असेल, बाबांचाही धरायचा. तुला चालत यायला वेळ मिळावा म्हणून मी शेवटचं गीत दोनदा वाजवायचो.”

मापसाहेबांना आठवलं. शेवटचं गीत दोनदा होतंय म्हणून त्यांनी घड्याळ कानाला लावलं होतं.

“दादा, पायरीचं...” ते म्हणाले आणि अडले. फाईल समोर उघडी होती. “पायरीचं राहू दे. माझंच चुकलं.”

“पायरीचं काय चुकलं? सातच होत्या रे.”

“आठ होत्या. बाबा मोजायचे. मला चढवताना आठपर्यंत मोजायचे, मला पक्कं आठवतं.”

“मोजायचे. तू चढायला घाबरायचास ना. जमिनीवर उभा असतानाच बाबा म्हणायचे, एक. म्हणजे एक झाली, आता थोड्याच राहिल्या. मग तू हलायचास. नाहीतर धोतर सोडायचा नाहीस त्यांचं.”

पलीकडे कोणीतरी औषधाची वेळ झाल्याचं सांगत होतं.

“हे तू तेव्हा का नाही सांगितलंस? फाटकात?”

थोरल्यांचा श्वास ऐकू आला. त्यांना दम लागला होता की ते विचार करत होते, ते फोनवर कळत नाही.

“माणसं उभी होती की सगळी,” ते म्हणाले. “तू ऑफिसर माणूस. त्यांच्यासमोर काय सांगायचं, की हा लहानपणी भ्यायचा? म्हटलं, हरवली असेल म्हणू. घरी आलास की सांगू.”

“मी आलो नाही.”

“नाही आलास.”

“तू यायचंस.”

“यायला हवं होतं,” थोरले म्हणाले. “तेही खरं.” आणि मग, “सुट्टी मिळाली की ये इकडे.”

“येतो. तू ये की, बरं वाटलं की.”

“बघू,” थोरले म्हणाले. दोघांनाही या शब्दाचं माप ठाऊक होतं.

फोन ठेवल्यावर मापसाहेबांनी सील तोडलं. गोणपाट सोडलं. पायऱ्या मोजल्या, मग दांड्यांवरून बोट फिरवलं. सात पायऱ्यांची चौदा भोकं होती. पंधरावं भोक, बुजवलेली खाच, खिळ्याची खूण, काही नव्हतं. लाकूड वरपासून खालपर्यंत स्वच्छ होतं. कुठल्याही निरीक्षकाने अर्ध्या मिनिटात हे बघितलं असतं. बायको दारात उभी होती. तिने काही विचारलं नाही. फाईल उचलली आणि रद्दीत नेऊन ठेवली, आणि येताना त्यांचा चष्मा पुसून आणून दिला.

दुपारी त्यांनी शिडी देवळात नेली. या वेळी अर्ज आदल्या दिवशी दिलेला नव्हता, तरी अध्यक्षांनी जाळीचं दार स्वतः धरलं. देवळात कोणी नव्हतं. देखरेखीच्या म्हाताऱ्याने दार उघडून दिलं आणि तो बाहेर ऊन घेत बसला. मापसाहेब ऑर्गनच्या स्टुलावर बसले. समोर, गीतांच्या पुस्तकाच्या वर, हाताच्या तळव्याएवढा आरसा तारेने बांधलेला होता. त्यात पाळकसाहेबांची जागा दिसत नव्हती. त्यात तिसऱ्या बाकाचं टोक दिसत होतं.

पाळकसाहेबांची खूण थोरले कुठून बघत असतील, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग उठले, डबी खिशात घातली आणि शिडी भिंतीला लावली. धरायला कोणी नव्हतं.

जमिनीवर उभे राहून ते म्हणाले, “एक.”

मग चढले. पाचव्या पायरीवर त्यांनी डोळे मिटले, पण थांबले नाहीत. आठ म्हटल्यावर वर पाय ठेवायला काही उरलं नाही. त्यांनी एक हात भिंतीला टेकवला, दुसऱ्या हातात दिवा घेतला आणि तो जमेल तितका वर केला.

हात पोचला नाही. एक पायरी कमी पडत होती.